मागची गाडी

लायसनच्या परीक्षेत ड्रमला गाडी लागली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. रिकामं पत्र्याचं पिंप, नुसतं हललं, जरासं डोललं आणि परत जागेवर उभं राहिलं. मला वाटलं, सुटले. पण मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसानं हात वर केला होता. तो गाडीजवळ आला, खिडकीत वाकला आणि म्हणाला, "खलास, मदाम. नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला." इतक्या मऊ आवाजात म्हणाला की रागवायचीही सोय राहिली नाही. या देशात मला आजवर कुणी उद्धटपणे नाही म्हटलेलं नाही. सगळे हसून, हळू आवाजात, माझ्या भल्यासाठी नाही म्हणतात. मी उतरले, किल्ली दिली, आणि ओढणी सारखी करत उन्हातून फाटकाकडे चालत निघाले. मागे दुसरी कुणीतरी बाई गाडीत बसत होती. तिच्या तोंडावर मघाचं माझंच तोंड होतं. तिला काहीतरी चांगलं बोलावं असं मनात आलं, पण मी बोलले नाही, कारण खरं म्हणजे ती पास झाली असती तर मला वाईटच वाटलं असतं.

फाटकाबाहेर रुबिना गाडी घेऊन थांबली होती. रुबिना आमच्या खालच्या मजल्यावरची, माहेर हर्णैचं, नवऱ्याचं खाबुऱ्याला दुकान. तिला लायसन मिळून बरीच वर्षं झाली. माझा चेहरा बघून तिनं काही न कळल्यासारखं दाखवत गाडी सुरू केली, आणि मग पहिल्याच चौकात म्हणाली, "जावंदे गो. परत देशील. तुला येत नाय असा नाय, तू घाबरतंस. आणि नाय मिलाला तर नाय. मी हाय ना? कुठं जायचा असंल तिथं सोडतंय तुला." मी हो म्हटलं. बौशरच्या त्या रुंद, स्वच्छ, कारंजी लावलेल्या रस्त्यावरून आम्ही चाललो होतो आणि मी मनात मोजदाद करत होते, पैशांची नव्हे, क्रियापदांची. सोडते, नेतो, आणतो, घेऊन जाऊ, वाटेत उतरवू. एक्क्याण्णव साली लग्न होऊन मस्कतला आले तेव्हापासून मी कुठे गेले असं झालेलं नाही, मला कुणीतरी नेलेलं आहे. माझ्या व्हिसावरही तसंच लिहिलेलं आहे, नवऱ्याबरोबर राहायला आलेली, नोकरीची परवानगी नाही. तेव्हा आशुतोष त्यावर हसला होता आणि मीही हसले होते. नवी नवरी होते, त्यामुळे ते वाचायलाही छान वाटलं होतं.

घरी आले तेव्हा माझी मुलगी अस्मिता शाळेतून यायची होती. दुपारच्या वेळी या फ्लॅटमध्ये एसीची घरघर सोडली तर दुसरा आवाज नसतो. मी टीव्ही लावला. आमच्या डिशवर एक जर्मन चॅनल फुकट लागायचं. त्यातलं अक्षर कळत नसे, तरी मी दर मंगळवारी एक कार्यक्रम न चुकता बघायची. आल्प्सच्या डोंगरातले सायकलीचे रस्ते. डांबरी नाहीत, खडीचे, पांढरट, जंगलातून आणि कुरणांतून वळत वर गेलेले. त्यांच्या सुरुवातीला एक लाकडी दांडी आडवी टाकलेली असायची. मोटारी त्या दांडीपाशी थांबायच्या, आणि सायकलवाले बाजूच्या फटीतून आत शिरायचे. एकदा पिकल्या केसांची, माझ्या आईच्या वयाची एक बाई त्या फटीतून आत गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही तिनं. कॅमेरा तिच्यामागून बराच वेळ जात राहिला, आणि चाकाखालच्या खडीच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मला एकदम हुंदका आला. आल्प्स बघून रडणारी बाई मी एकटीच असेन. अस्मिता त्या दिवशी घरीच होती. ती म्हणाली, "आई, तुला जर्मन येत पण नाही. व्हाय आर यू क्राइंग?" मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. बंद खिडक्यांच्या घरात डोळ्यात काय जाणार होतं कुणास ठाऊक.

पण आज नापास होऊन आल्यावर तोच कार्यक्रम लागला होता आणि मला रडू आलं नाही, चीड आली. कारण तसे रस्ते इथे आहेत. मी पाहिलेत ते. इथल्या मराठी मंडळाच्या सहलींना आम्ही डोंगरात गेलोय, रुस्ताकच्या मागे, जिथे डांबर संपतं आणि ग्रेडेड रोड सुरू होतो. खडी पसरून यंत्रानं सपाट केलेला रस्ता, वळणांवळणांनी पार ढगांपर्यंत गेलेला, आणि तासन्‌तास एक गाडी दिसायची नाही. गवत नाही एवढाच फरक. मी ते सगळं काचेतून बघितलंय, मागच्या सीटवरून, मांडीवर पुलावाचं पातेलं घेऊन. पुढे बायका गाण्याच्या भेंड्या लावायच्या आणि मी खिडकीला कपाळ टेकून एकेका वळणावर मनातल्या मनात पायडल मारायची. कारण मला गाडी येत नसेल, सायकल येते. पुण्यात मी सायकलवरच वाढले. ती हिरवी लेडीज सायकल, चेनकव्हर सैल झालेलं, त्यामुळे प्रत्येक सलवारीला उजव्या पायाशी ग्रीसचा डाग. क्लासला सायकल, मंडईत सायकल, मैत्रिणीच्या साखरपुड्याला नऊवारी सावरत सायकल. एकदा कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघीतिघी उगाचच खडकवासल्यापर्यंत गेलो. काठावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या आणि येताना वारा तोंडावर घेत परत आलो. घरी सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असं नव्हे, सांगण्यासारखं काही झालंय असं वाटलंच नव्हतं. आता मला त्या शेंगांपेक्षा त्या न वाटण्याचा हेवा वाटतो. सोफ्यावर बसल्या बसल्या मी ठरवलं. मला एक रस्ता पाहिजे होता. त्यावर मला कुणी नेलेलं नसेल, सोडलेलं नसेल, मी गेलेली असेन. एकदाच, पण माझी मी. एवढं मागणं काही फार नव्हतं.

आशुतोष सोहारला असतो. तिथे नवा कारखाना उभा राहतोय आणि आशुतोष सेफ्टीत आहे. इथली सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, म्हणून बुधवारी संध्याकाळी येतो, शुक्रवारी रात्री परत जातो. माणूस वाईट नाही. हे मला नेहमी आधी सांगावं लागतं, आणि ते सांगावं लागतं याचाच मला त्रास होतो. बुधवारी जेवताना मी नापास झाल्याचं सांगितलं, तो म्हणाला, "हरकत नाही, काय घाई आहे?" मग मी सायकलीचं सांगितलं. त्यानं घास तसाच ठेवला. मला वाटलं हसेल. हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "करू की. व्यवस्थित करू."

अस्मिता मात्र किंचाळली. "आई, प्लीज यार! इथे सायकल फक्त लेबर लोक चालवतात. आणि ते न्यूजपेपर अंकल. माझ्या फ्रेंड्सनी बघितलं तर?"

"डोंगरात कोण बघणार आहे तुझी फ्रेंड?"

"पण तू जातेसच कशाला? व्हॉट्स द पॉइंट?"

चौदा वर्षांच्या मुलीला, जिला जन्मापासून कुणीतरी सोडतं आणि आणतं, आणि जिला त्यात काही वावगं वाटत नाही, तिला काय सांगणार? तिची मराठी तिथे पोचत नाही आणि माझं इंग्रजीही नाही. मी तिला अजून एक पोळी वाढली.

आशुतोष म्हणजे काय ते पुढच्या आठवड्यात कळलं. त्यानं गियरची सायकल आणली, माझ्या उंचीची, चांगली. इथपर्यंत मला भरून आलं होतं. मग हेल्मेट आलं, कोपरांची कवचं आली, फ्लुओरोसंट जॅकेट आलं, कारखान्यातल्या लोकांचं असतं तसलं. प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं, सायकलच्या मागे लावायला उंच काठीवर एक केशरी झेंडा. हॉलमध्ये सगळं मांडून त्यानं मला समोर बसवलं आणि दगड कुठून पडू शकतो, उतारावर ब्रेक कसा मारायचा, ऊन लागल्याची लक्षणं कोणती, हे समजावून सांगितलं. साइटवर रोज सकाळी मजुरांना सांगतो त्याच आवाजात. मी मान डोलावत होते. मधेच त्यानं विचारलं, "काही प्रश्न?" मला एकच प्रश्न होता आणि तो विचारायची मला हिंमत झाली नाही, कारण उत्तर माहीत होतं. तो गाडीनं मागून येणार होता.

जानेवारीतला शुक्रवार होता. पहाटे निघालो, सायकल गाडीच्या मागे दोरीनं बांधलेली. अस्मिता आली नाही, रुबिनाकडे राहिली. निघताना रुबिना जिन्यात उभी होती, म्हणाली, "बायेनं सायकल हाकायची आणि बाप्यानं मागून मोटार? वरात हाय की काय गो?" मी हसले. पुढे रस्ताभर मला ते वाक्य टोचत राहिलं. डांबर संपलं तिथे आशुतोषनं गाडी उभी केली. दार उघडलं तर गार, कोरडी, दगडाच्या वासाची हवा आत आली. समोर रस्ता वर गेला होता, पिवळट, स्वच्छ. दोन्ही बाजूंना डोंगर, एवढे उघडे की त्यांचे थर मोजता यावेत. कुठे खाली खजुरांची हिरवी चिंधी दिसत होती. चिटपाखरू नव्हतं. मी सायकलवर बसले आणि पहिलं पायडल मारलं.

एक वळणभर मला काही सुचलं नाही. खडी चाकाखाली करकरत होती, तोच आवाज, टीव्हीतला. रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या होत्या आणि त्यांवरून जाताना दात वाजत होते, बांगड्या वाजत होत्या. मांड्यांना आठवायला लागलं. हो, मांड्यांनाच. डोक्यापेक्षा त्यांनाच जास्त आठवत होतं. आणि मग मागून पहिल्या गियरमधल्या इंजिनाची गुरगुर आली. ती काही मोठी नव्हती, पण जात नव्हती. मी जोरात मारलं की ती जोरात व्हायची, मी दमून हळू झाले की तीही हळू. मागे बघितलं तर त्यानं धोक्याचे दिवे लावले होते, चारही, लुकलुक लुकलुक. त्या रिकाम्या डोंगरात आम्ही कुणाला सावध करत होतो? त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मी घाबरून जवळजवळ पडलेच. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "पाणी?"

"नको!"

"घोटभर घे. तहान लागायच्या आधी प्यायचं असतं."

मी थांबले, पाणी प्यायले, आणि शक्य तेवढ्या शांतपणे म्हटलं, "आशू, ऐक. तू पुढे जा. वरच्या गावात थांब. मी येते मागून."

"आणि तू पडलीस तर?"

"पडले तर उठेन."

"विद्या, वेडेपणा करू नकोस. मी मागे आहे म्हणून तुला वाटतंय सोपं आहे."

त्याचं म्हणणं खरं असेलही, आणि म्हणूनच ते माझ्या जिव्हारी लागलं. मी पुन्हा निघाले. पुढच्या वळणावर पुन्हा सांगितलं. त्यानंतर विनवलं. एकदा तर रस्त्यात सायकल आडवी टाकून, हात जोडून सांगितलं, की बाबा रे, पुढे जा आणि थांब, एवढंच मागते. तो म्हणाला, "मला एन्जॉय करू दे ना तुझ्याबरोबर." तो माझ्याबरोबर होता आणि मी त्याच्यापुढे होते. काचेच्या आत त्यानं जुनी हिंदी गाणी लावली होती. मंडळातली नयना म्हणते, तुझा नवरा किती करतो गं तुझ्यासाठी. करतो. मी कृतघ्न आहे का, असं मी त्या चढावर घामानं निथळत स्वतःला विचारत होते आणि प्रत्येक पायडलाला उत्तर बदलत होतं. आहे, नाही, आहे, नाही. कृतघ्न असेन तर असू दे, पण ते ठरवायलासुद्धा मला अर्धा तास एकटीला हवा होता, आणि तो मला कुणी देत नव्हतं.

मग समोरून एक पिकप आली, मागे दोन बकऱ्या उभ्या. चालवणारा म्हातारा ओमानी, पांढरी दाढी, डोक्याला मसर गुंडाळलेला. मला बघून त्यानं ब्रेक दाबला. हेल्मेटमधली, जॅकेटमधली, लालबुंद तोंडाची बाई, आणि मागे दिवे लुकलुकवत येणारा नवरा. त्यानं काय अर्थ लावला असेल तो त्याच्या तोंडावर स्पष्ट वाचता येत होता. तो उतरून सरळ आशुतोषकडे गेला आणि रागानंच बोलला, "सदीक, क्या मुश्किल? मदाम जालान? गुस्सा? तुम मदाम को बाहर निकाला?"

आशुतोष गडबडला. "नो नो, माफी मुश्किल, नो प्रॉब्लेम. मदाम लाइक सायकल. एक्सरसाइझ."

"एक्सरसाइझ?" म्हाताऱ्यानं डोंगराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तो माझ्याशी अगदी प्रेमानं बोलला. "उम्मी, माँ, तुम बैठो पिकप में. माय हाउस क्लोज. कहवा, खजूर, मेरा बीवी है. झगडा खलास." भांडणच झालं नव्हतं, आणि तो मिटवत होता. मी कसंबसं सांगितलं की नाही बाबा, मला आवडतं, माझ्या खुशीनं चाललेय. ते काही त्याच्या पचनी पडलं नाही. आपल्या डोंगरात एक बाई उन्हात रस्त्यावर आहे आणि आपण बाजूनं निघून जायचं, हे त्याच्या रीतीत बसत नव्हतं. "अकेला माफी जेन, अच्छा नहीं," तो म्हणाला. "अना पीछे आता. गाव तक." खाली रुंद जागा बघून त्यानं पिकप वळवली आणि आशुतोषच्या मागे लावली. त्याला खाली जायचं होतं, बकऱ्या कुठेतरी पोचवायच्या होत्या. तरी तो उलटा वर आला, माझ्यासाठी. म्हणजे आता मी, माझ्यामागे आशुतोष, त्याच्यामागे म्हातारा, आणि सगळ्यांत मागे बकऱ्या. ज्या रस्त्यावर तासन्‌तास गाडी दिसत नाही, त्यावर मी रहदारी निर्माण केली होती. दोघांची धूळ वाऱ्यानं पुढे येऊन माझ्याच नाकातोंडात जात होती. मला हसू आलं, आणि हसता हसता असा संताप आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. दोघंही चांगले होते. एकाही माणसाला शिवी देता येत नव्हती. घरात, मैदानात, डोंगरात, जिथे जावं तिथे चांगुलपणाच आडवा.

पुढे रस्ता कड्यात कोरलेला होता, जेमतेम एका गाडीपुरता. एका बाजूला दगडाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. तिथे मी उतरले. ठरवून नव्हे, पायच थांबले. सायकल उचलून वळवली. तो केशरी झेंडा भिंतीला अडकत होता, तो मी उपटला आणि खाली टाकून दिला. आशुतोषनं काच खाली केली.

"काय झालं? दमलीस? ये, बस आत."

"मी खाली चाललेय."

"खाली? अगं थांब, इथे गाडी वळत नाही!"

"वर गावात वळव."

आरसा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून मी सायकल सरकवली. हँडल गाडीच्या दाराला घासलं, ओरखडा उमटला असेल. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या दंडाला लागला, पण धरला नाही. एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं, त्यानं धरला नाही. म्हातारा स्टिअरिंगवरून बघत होता. त्याच्या जवळून जाताना मी मान लववली. त्यानंही लववली, आणि बकऱ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी सायकलवर बसले आणि ब्रेक सोडले.

आवाज गेले. आधी म्हाताऱ्याचं इंजिन, मग हॉर्न, मग आशुतोषची हाक, मग काहीच नाही. एका वळणानंतर फक्त खडी आणि कानात शिरणारा वारा. मी होते. मला कुणी सोडलेलं नव्हतं, मागून कुणी बघत नव्हतं. पडले असते तर एकटी पडले असते. मला आनंद झालाय की भीती वाटतेय ते कळेना. मी मोठ्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि काही आठवलंच नाही. मग माझं लक्ष चाकाकडे गेलं. मी रस्त्याच्या अगदी उजव्या कडेनं चालले होते. जिथे सुटे दगड होते, काटे होते, चाक घसरत होतं, तिथून. उरलेला अख्खा रस्ता, यंत्रानं गुळगुळीत केलेला, माझ्या डावीकडे रिकामा पडला होता. त्यावर कुणी येणार नव्हतं. आणि तरी मी कुणासाठी तरी जागा ठेवून, अंग चोरून, दगडांतून धडपडत चालले होते. कान मागे लागलेले होते. सगळा वेळ मी गाडी येतेय का ते ऐकत होते. एवढं भांडून मिळवलेला रस्ता, आणि मी तो वापरतच नव्हते. मला स्वतःचीच इतकी चीड आली की मी ओरडले. शब्द नव्हता, नुसतं ओरडले. समोरच्या कड्यानं ते परत दिलं.

मी हँडल डावीकडे वळवलं. सोपं नव्हतं ते. हात कडेकडे ओढत होते. एकदा मध्ये गेले, परत कडेला आले. दात आवळून पुन्हा नेलं आणि रस्त्याच्या बरोबर मध्ये आणून धरलं. तिथे खडी दाबून बसलेली होती. चाक एकदम हलकं चालायला लागलं. पाठ सरळ झाली. दोन्ही बाजूंना सारखी जागा होती. किती वेळ तशी गेले, माहीत नाही. पुष्कळ नसेल. एक खजुरांचा झुबका आला आणि गेला, एक कोरडी वाट खाली उतरली, उन्हानं मनगटं तापली. अख्ख्या पंधरा वर्षांत मला त्या वेळाएवढं काही माझं वाटलेलं नाही.

मग गुरगुर आली. लांबून, मग जवळ. वर जाऊन वळवून आला होता, घाईनं आला असणार, खडी उडत होती. दोन छोटे हॉर्न झाले. मी मध्येच होते. एक मोठा हॉर्न झाला. हँडलवर माझी बोटं पांढरी झाली, पण हँडल हललं नाही. गाडी पार जवळ आली, तिची ऊब पाठीला लागली. आशुतोष खिडकीतून ओरडला. आवाज चिरकलेला होता. तो घाबरला होता, मला कळत होतं.

"विद्या! बरं बाई, तुझंच खरं! जरा बाजूला हो, मी पुढे जाऊन थांबतो!"

सकाळपासून मी एवढंच मागत होते. रस्ता तसा रुंद होता आता, एक हात उजवीकडे सरकले असते तर तो गेला असता. मी ऐकलं, आणि बाजूला झाले नाही.